कोथिंबिरीच्या जुडीतले परजीवी: शोधायचे कसे आणि कुठे

2000 सालच्या जूनमध्ये फिलाडेल्फियात एक लग्न झाले. आठवडाभरात पाहुण्यांचे पोट बिघडू लागले. पाण्यासारखे जुलाब, गळून गेल्यासारखा थकवा, अन्नावरची वासना उडालेली. चौकशीत सापडलेल्या 79 जणांपैकी 54 जण आजारी निघाले. कोणी काय खाल्ले याचा हिशेब मांडल्यावर संशय लग्नाच्या केकवर आला. त्याच्या क्रीमच्या थरात रासबेरी होत्या. केकचा उरलेला भाग सुदैवाने फ्रीझरमध्ये होता. प्रयोगशाळेत तो पाण्यात खळबळून, गाळून, पीसीआर चाचणीला लावला, तेव्हा त्यात सायक्लोस्पोरा या एकपेशी परजीवीचा डीएनए मिळाला.

अन्नातले परजीवी शोधण्याच्या इतिहासात असा पुरावा हाती लागणे अपवादात्मक आहे. सायक्लोस्पोरा पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला साधारण आठवडा लागतो. त्यानंतर रुग्ण डॉक्टरकडे जाणार, डॉक्टर शौचाची तपासणी सांगणार, आणि त्यातही हा जीव मुद्दाम शोधायला सांगितला तरच प्रयोगशाळा तो शोधणार. तोपर्यंत कोशिंबीर पचलेली असते आणि उरलेली जुडी कचऱ्यात गेलेली असते. ताज्या भाजीफळांवरचे परजीवी शोधण्याच्या विद्येचा आढावा घेताना ही पहिली अडचण लक्षात ठेवावी लागते. रुग्ण सापडतो तेव्हा नमुना नसतो, आणि नमुना हातात असतो तेव्हा रुग्ण झालेला नसतो.

चार वर्षे आधी, 1996 मध्ये, अमेरिका आणि कॅनडात सायक्लोस्पोराचे 1,465 रुग्ण नोंदले गेले होते. सुरुवातीला टेक्सासमधल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीकडे बोट दाखवले. मागणी कोसळली, तिथल्या बागायतदारांचे कोट्यवधी डॉलर बुडाले. पुढे लक्षात आले की बहुतेक मेजवान्यांत स्ट्रॉबेरीबरोबर रासबेरीही होती आणि ती ग्वाटेमालातून आलेली होती. हा उलगडा पावत्यांनी केला. कोणत्या हॉटेलने माल कोणाकडून घेतला, तो कोणत्या विमानाने आला, कोणत्या बागेतला होता, हे कागदोपत्री मागे मागे जात शोधले गेले. त्या वर्षी फळावर मात्र परजीवी कोणाला दाखवता आला नाही. पुढच्याच वर्षी पुन्हा हजारावर लोक आजारी पडले, 1998 मध्ये अमेरिकेने ग्वाटेमालाची रासबेरी सीमेवरच अडवली, आणि तिथले रासबेरी पिकवणारे काही वर्षांत बोटांवर मोजण्याइतके उरले. प्रयोगशाळेच्या पुराव्याविना एका देशाचे पीक बुडाले आणि दुसऱ्या प्रांतातले बागायतदार विनाकारण बदनाम झाले, हे महाबळेश्वर-वाईच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपले फळ स्वच्छ आहे हे सिद्ध करायला कागद हाताशी असावा लागतो.

अडचण नेमकी कुठे आहे? साल्मोनेला किंवा ई. कोलाय हे जिवाणू शोधायचे तर भाजीचा नमुना पोषक द्रवात टाकून एक दिवस उबेला ठेवतात. एक जिवाणू असला तरी रात्रीत त्याचे कोट्यवधी होतात आणि मग तो पकडणे सोपे जाते. परजीवींच्या बाबतीत ही सोय नाही. जंताचे अंडे पानावर वाढत नाही आणि द्रवातही वाढत नाही. सायक्लोस्पोराची तर प्रयोगशाळेत वाढवण्याची खात्रीची रीत आजही उपलब्ध नाही. नमुन्यात जेवढे आले तेवढेच, आणि त्यातलेही धुताना, गाळताना, फिरवताना काही गळणारच.

आता साधे गणित करून पाहू. समजा कोथिंबिरीच्या एका लॉटमध्ये किलोमागे सरासरी एक ऊसिस्ट आहे. ऊसिस्ट म्हणजे टणक कवचात सुरक्षित असलेली परजीवीची संसर्गक्षम अवस्था. तपासणीला 25 ग्रॅम कोथिंबीर घेतली, तर त्या चिमूटभर पानांत तो असण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास. धुताना निम्मे हातचे जातात असे धरले तर सव्वा टक्का. असे 40 नमुने घेतले आणि एकही ऊसिस्ट वाया गेला नाही, तरीही तो हाती लागण्याची शक्यता 63 टक्केच. शिवाय हे सगळे ऊसिस्ट सारखे पसरलेले आहेत असे मानून. प्रत्यक्षात शेताच्या एका कोपऱ्यात पाणी तुंबते, एका मजुराचे हात अस्वच्छ असतात, आणि दहा जुड्यांत काहीच नसताना अकरावीत सगळे असते. म्हणून ‘परजीवी आढळला नाही’ असा अहवाल आला की त्याचा अर्थ एवढाच: या 25 ग्रॅममध्ये, या पद्धतीला तो दिसला नाही.

पद्धती पाहायच्या तर खरे कसब धुण्यात आहे. पीसीआरचे यंत्र सगळ्यांच्या नजरेत भरते, पण निकाल ठरतो तो त्याआधीच्या पिशवीत. जंताच्या अंड्याला बाहेरून चिकट आवरण असते आणि ते पानाला घट्ट बसते. साध्या पाण्याने हलवले तर फार थोडी अंडी सुटतात. म्हणून ग्लायसीनचे आम्लयुक्त द्रावण, ट्वीन नावाचे साबणासारखे द्रव्य, किंवा प्रयोगशाळेतली काचभांडी धुण्याचा अल्कोनॉक्स वापरतात. कोबीचे पान जोरात घुसळले तर चालते. रासबेरीला तसे केले की तिचा गर होतो आणि मग गाळणी तुंबते, म्हणून ती हलक्या हाताने झुलवावी लागते. रासबेरीच्या अंगावर बारीक लव असते, तिच्या फटींत 8 ते 10 मायक्रॉनचा ऊसिस्ट अडकला की निघता निघत नाही. धुवणाचे पाणी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ घ्यायचा. तळाचा तो चिमूटभर गाळ म्हणजे सगळा नमुना.

त्या गाळात शोधायचे आकारही एकमेकांपासून फार वेगळे आहेत. ॲस्कॅरिस या गोल जंताचे अंडे 45 ते 75 मायक्रॉन लांब, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकात ठळक दिसणारे. पट्टकृमीचे 30 ते 40 मायक्रॉन. एकपेशी परजीवींपैकी जिआर्डिया त्याहून बराच लहान, आणि क्रिप्टोस्पोरिडियम तर 4 ते 6 मायक्रॉन, म्हणजे यीस्टच्या पेशीएवढा. यीस्ट भाजीवर भरपूर असते. अशा वेळी रंगद्रव्ये, प्रतिपिंडे आणि नशीब यांच्यावर भिस्त. सायक्लोस्पोराला एक देणगी आहे: अतिनील प्रकाशात तो आपोआप निळा चमकतो. परागकणांच्या गर्दीतून असा चमकणारा गोल पटकन उठून दिसतो, आणि काठमांडूपासून लिमापर्यंतच्या तंत्रज्ञांनी त्याच्या भरवशावर हजारो स्लाइडी वाचल्या आहेत. लिमाचा उल्लेख सहज केला नाही. 1994 मध्ये या जीवाला मिळालेले ‘कायेतानेन्सिस’ हे नाव तिथल्या कायेतानो एरेडिया विद्यापीठावरून आले. त्यावर चांगला चालणारा औषधोपचार, ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल, काठमांडूतल्या चाचणीतून 1995 मध्ये सिद्ध झाला. नेपाळात या आजाराचा हंगाम आपल्या पावसाळ्याला लागून असतो, आणि तिथे पालेभाज्यांवरही तो सापडला आहे. उपखंडातला हा शेजार आपल्याला परका नाही. भारतातल्या रुग्णालयांतूनही सायक्लोस्पोराची नोंद झालेली आहे, फक्त तो शोधण्याची सवय नाही.

जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियमसाठी एक चांगली युक्ती निघाली. चुंबकीय सूक्ष्ममण्यांना त्या जीवाचे प्रतिपिंड चिकटवायचे, ते गाळात सोडायचे, मणी जीवाला धरतात आणि चुंबक मण्यांना ओढून घेते. घाण मागे राहते. पालेभाज्या आणि बेरीफळांसाठी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ 18744 हे आंतरराष्ट्रीय मानक याच रीतीवर उभे आहे. अशाच रीतीवर आधी नॉर्वेतही काम झाले. तिथल्या संशोधकांनी 2001 मध्ये बाजारातले 475 नमुने तपासले आणि 29 मध्ये यांपैकी एखादा परजीवी सापडल्याचे नोंदवले. मला या अभ्यासाचे मोल आकड्याहून अधिक वाटते ते यासाठी, की आपण मुद्दाम मिसळलेल्यांपैकी किती परत मिळवू शकतो हे त्यांनी आधी मोजले होते. जिआर्डिया सुमारे 67 टक्के, क्रिप्टोस्पोरिडियम सुमारे 42 टक्के, आणि मोडांच्या बाबतीत त्याहून बरेच कमी. सायक्लोस्पोरासाठी असे प्रतिपिंड बाजारात मिळत नाहीत, म्हणून त्याला चुंबकाचा मार्ग बंद.

त्यामुळे तिथे डीएनएकडे वळावे लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची ठरलेली पद्धत अशी: 25 ग्रॅम पालेभाजी किंवा 50 ग्रॅम रासबेरी, अल्कोनॉक्सने धुणे, सेंट्रीफ्यूज, ऊसिस्टचे कवच यंत्रात मण्यांनी आपटून फोडणे, मग पीसीआर. प्रमाणीकरणाच्या चाचण्यांत अवघे 5 ऊसिस्ट मिसळलेले नमुनेही पकडले गेले, दर वेळी मात्र नाही. आधीची चाचणी ज्या जनुकावर बेतली होती ते सायक्लोस्पोराच्या प्राण्यापक्ष्यांतल्या नातलगांमध्येही जवळपास तसेच असते, त्यामुळे खोटी हाक येण्याचा धोका होता. 2022 मध्ये लक्ष्य बदलून मायटोकॉन्ड्रियातला तुकडा निवडला गेला. भाजीतली काही द्रव्ये पीसीआरलाच रोखतात, बेरीफळांतली तर हमखास. म्हणून प्रत्येक नळीत एक ओळखीचा कृत्रिम डीएनए टाकून चाचणी चालू आहे ना हे पाहावे लागते. हे न केलेला ‘निगेटिव्ह’ मी तरी मानणार नाही.

डीएनए मेलेल्या जीवाचाही सापडतो, हा पीसीआरवरचा जुना आक्षेप. जिवंत-मृत ओळखणारी रंगद्रव्ये आहेत, पण भाजीवरच्या दोनचार ऊसिस्टांवर ती वापरून निर्णय देण्याइतका भरवसा अजून आलेला नाही. वेळेची अडचण त्याहून मोठी. 2018 मध्ये अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या सॅलडमधून 511 जणांना सायक्लोस्पोराची बाधा झाली. त्याच सॅलडसाठीच्या न उघडलेल्या एका पाकिटात परजीवी असल्याचे सरकारी प्रयोगशाळेने 26 जुलैला निश्चित केले. त्या पाकिटाची मुदत 19 जुलैलाच संपली होती.

आता बाजारातल्या पाहण्यांकडे. आफ्रिका, मध्यपूर्व आणि दक्षिण आशियातल्या शहरांतून असे शोधनिबंध सतत निघतात: मंडईतून दोनशे जुड्या आणल्या, मिठाच्या पाण्यात धुतल्या, स्लाइड पाहिली, इतके टक्के बाधित. भारतातही पश्चिम बंगालच्या तितागढसारख्या सांडपाण्यावर भाजी पिकणाऱ्या भागांत पानांवर जंतांची अंडी मिळाली आहेत. या पाहण्यांनी प्रश्न आहे हे दाखवले, तेवढे श्रेय त्यांना द्यावे. टक्केवारीवर मात्र विसंबू नये. कोणी 50 ग्रॅम धुतो, कोणी 200. कोणी साध्या पाण्याने, कोणी डिटर्जंटने. किती हातचे गेले हे बहुतेक ठिकाणी मोजलेलेच नसते. त्याहून गंभीर चूक ओळखण्यातली आहे. मातीत मुक्त जगणारे सूत्रकृमी असंख्य असतात, त्यांच्या अळ्या माणसाच्या अंकुशकृमीच्या किंवा स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्यांसारख्याच दिसतात. मुळ्याच्या मुळाशी चिकटलेल्या मातीत अळी दिसली आणि तिला माणसाचा परजीवी म्हटले, असे कित्येक तक्त्यांत झालेले असणार. परागकण, बुरशीचे बीजाणू, पानाची तुटलेली लव यांनाही नवशिक्या डोळ्याने ‘अंडे’ ठरवलेले आहे.

आणि अंडे खरे असले, तरी ते कोणाचे? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घरोघरी पोहोचलेल्या एका भीतीशी जोडलेला आहे. ‘कोबीतली अळी मेंदूत जाते’ असा निरोप मोबाइलवर दर पावसाळ्यात फिरतो. कोबीत दिसणारी हिरवी अळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती शेतकऱ्याचे नुकसान करते, तुमच्या मेंदूचे नाही. मेंदूत गाठ करणारा जीव आहे डुकराच्या मांसातून माणसात येणारा पट्टकृमी, टिनिया सोलियम. पण मेंदूतल्या गाठी मांसातून होत नाहीत. ज्या माणसाच्या आतड्यात तो पट्टकृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, ती पाण्यातून, हातांतून, भाजीवरून दुसऱ्याच्या तोंडात जातात, तेव्हा गाठी होतात. म्हणून जन्मभर मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो, आणि भारतातल्या मेंदूविकार विभागांना ते नवे नाही. ज्या प्रदेशांत हा कृमी रुजलेला आहे तिथे फेपऱ्याच्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्क्यांचे कारण तो असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी अन्नातून येणाऱ्या 24 परजीवींची क्रमवारी लावली, 2014 मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि पहिला क्रमांक याच पट्टकृमीला मिळाला.

तरीही कोबीच्या पानावर टिनियाचे अंडे दिसले तर सूक्ष्मदर्शक एवढेच सांगू शकतो की ते या कुळातले आहे. गुरांच्या मांसातून येणारा पट्टकृमी, कुत्र्यातून येणारा एकायनोकॉकस, आणि सोलियम यांची अंडी दिसायला सारखी. एकाने जीव धोक्यात येतो, दुसऱ्याच्या अंड्याने माणसाला काही होत नाही. फरक डीएनएच सांगतो. भीती पसरवणाऱ्यांनी आणि भीती हसण्यावारी नेणाऱ्यांनीही हे वाचावे. कोबी निर्दोष आहे, कोबीवर ओतलेले पाणी असेलच असे नाही.

पाण्याचा विषय निघाला म्हणून जेरुसलेमची हकिगत सांगतो. या सगळ्या साहित्यात मला ती सर्वांत बोलकी वाटते. 1948 पूर्वी शहराला आसपासच्या खोऱ्यांतली, सांडपाण्यावर वाढलेली लेट्यूस वगैरे भाजी मिळे. शौचतपासणीच्या जुन्या नोंदींत तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत गोल जंत होते. 1948 मध्ये शहर दुभंगले, पश्चिम भागाचा तो भाजीपुरवठा तुटला, आणि तिथल्या जंताचे प्रमाण जवळपास नाहीसे झाले. 1967 नंतर शहर पुन्हा जोडले गेले, तीच भाजी पुन्हा आली, आणि जंत पुन्हा वाढले. 1970 च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर सांडपाण्यावरची भाजी बंद केली, तेव्हा ते पुन्हा उतरले. इस्रायली संशोधक हिलेल शुवाल आणि सहकाऱ्यांनी हे पुढे मांडले. पानावरचे एकही अंडे मोजण्याची त्यांना गरज पडली नाही.

अमेरिकेलाही उशिरा का होईना हेच कळले. 2020 मध्ये पाकिटबंद सॅलडमधून 701 जण आजारी पडले, तेव्हा चौकशी फ्लोरिडातल्या एका शेताजवळच्या कालव्यापर्यंत गेली आणि कालव्याच्या पाण्यात सायक्लोस्पोरा सापडला. कालव्यातला आणि रुग्णांतला जीव जनुकीयदृष्ट्या एकच, हे ठामपणे ठरवता आले नाही, कारण तेवढी बारीक ओळख पटवण्याची पद्धत तेव्हा परिपक्व नव्हती. पण दिशा स्पष्ट झाली. 25 ग्रॅमच्या जुडीऐवजी मोठ्या गाळणीतून कित्येक लिटर पाणी गाळता येते, आणि एका कालव्याखाली शेकडो एकर भिजत असतात. सायक्लोस्पोराचा माणसाखेरीज दुसरा ज्ञात यजमान नाही. तो पाण्यात दिसला की कोणाची तरी विष्ठा तिथे पोहोचली आहे, एवढा निष्कर्ष पक्का. ग्वाटेमालात तर फवारणीचे औषध ज्या पाण्यात कालवले जाई त्यावरच संशय होता. आपल्याकडे ठिबकाखालचे फळ कोरडे आहे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी फवारणीच्या पिंपात कुठले पाणी आहे तेही पाहावे.

महाराष्ट्रात हा विषय कागदावर जवळजवळ नाही. पुण्याचे सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्याने खालच्या शेतांना दिले जाते. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालक-माठ पिकतो, हे लोकलमधून जाणारा प्रत्येकजण पाहतो. मुळा, गाजर, कोथिंबिरीच्या जुड्या गाडीत भरण्यापूर्वी ओढ्यात, नाहीतर शेताच्या हौदात बुचकळून काढतात, आणि मंडईत दिवसभर त्यांवर पाणी शिंपडतात. धुणे म्हणून जे चालते तेच कित्येकदा दूषित करणे असते. केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने फळेभाज्यांसाठी सूक्ष्मजीवांचे निकष ठरवले, त्यांत साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय आहेत, परजीवी नाहीत. उलट द्राक्षाचे पाहा. 2003 मध्ये युरोपने कीडनाशकांच्या अंशांवरून माल नाकारला, त्यानंतर ‘ग्रेपनेट’ ही मालाचा माग ठेवणारी व्यवस्था उभी राहिली. नाशिक-सांगलीच्या बागेला क्रमांक मिळाला, निर्यातीच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत जाऊ लागला, पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे देखरेख आली. म्हणजे आपल्याला जमत नाही असे नाही. गिऱ्हाइकाने विचारले की जमते. देशातल्या गिऱ्हाइकाने जंतांबद्दल अजून विचारलेले नाही.

घरापुरते थोडक्यात. शिजवणे हा खात्रीचा उपाय. कच्चे खायचे तर पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. हे प्रयोगशाळेतल्या धुण्यासारखेच काम आहे, सगळे निघत नाही पण बरेच निघते. क्लोरीनच्या गोळीला सायक्लोस्पोरा आणि क्रिप्टोस्पोरिडियम दाद देत नाहीत. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यावर किंवा मीठ-व्हिनेगरवर विसंबून राहू नका. चटणीची कोथिंबीर उकळून घ्या असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही, मीही ऐकत नाही.

राज्यापुरते मात्र स्पष्ट मागणे आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला द्यायच्या सांडपाण्यात लिटरमागे एकाहून जास्त कृमी-अंडे नसावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष 1989 पासून आहे. ते मोजण्याची बैलेंजर पद्धत संघटनेच्या 1996 च्या पुस्तिकेत सविस्तर दिली आहे. तिला लागते काय, तर सेंट्रीफ्यूज, झिंक सल्फेटचे द्रावण, मोजणीची काचपट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक. यातले एकही साधन महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांना किंवा वैद्यकीय महाविद्यालयांना अप्राप्य नाही. महागडी पीसीआर यंत्रे मागवण्याआधी सांडपाणी वाहणाऱ्या कालव्यांवर दरमहा ही मोजणी सुरू करा आणि आकडे जाहीर करा.